जन्मापासून चुकलेला जॉइंट

माझ्या हाताखालच्या मुली पाठीमागे मला 'रिजेक्शन मॅडम' म्हणतात. मला हे माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. चाकणच्या ज्या कंपनीत मी क्वालिटी बघते तिथे गाड्यांच्या नळ्या बनतात, इंधनाच्या, ब्रेकच्या, कूलंटच्या. नळी कुठे वाकणार, दुसऱ्या नळीला कुठे मिळणार, व्हॉल्व्ह जोडाच्या अलीकडे येणार की पलीकडे, हे सगळं ड्रॉइंगमध्ये ठरलेलं असतं. ड्रॉइंगबाहेर गेलेली नळी माझ्या टेबलावरून पुढे जात नाही. सुपरवायझर म्हणतो, "चालून जाईल ना मॅडम." मी विचारते, तुमच्या गाडीत बसवू का? मग तो नळी परत घेऊन जातो.

कधीकधी मात्र मलाही मान तुकवावी लागते. माल ड्रॉइंगप्रमाणे नसतो, पण काम देतो, आणि तिकडे गिऱ्हाईक कंपनीची लाइन थांबायची वेळ आलेली असते. मग वरून परवानगी येते आणि मालाला पिवळा टॅग लावून सोडून देतात. याला आमच्याकडे डेव्हिएशन म्हणतात. या शब्दाचा मला मनापासून राग आहे. टॅग गळून पडतो, माणसं विसरून जातात, आणि नळी कुणाच्या तरी गाडीत बसून हायवेला लागते.

त्यामुळे चाळिशी उलटल्यावर जेव्हा कळलं की मी स्वतःच जन्मापासून डेव्हिएशनवर चालते आहे, तेव्हा आधी मला हसू आलं. रडू त्यानंतर आलं, कंपनीच्या बसमध्ये, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये.

झालं असं की पावसाळा संपत आला असताना एक दिवस कँटीनमध्ये जेवता जेवता पोटाच्या वरच्या भागात कळ आली आणि थेट पाठीत गेली. आमच्या पट्ट्यात पोट दुखलं की त्याला ॲसिडिटी म्हणायची पद्धत आहे. चहा, वडापाव आणि ॲसिडिटीची गोळी यावर निम्मी चाकण एमआयडीसी चालते. मीही गोळी घेतली. ती गोळी कामाला आली नाही. दुसऱ्या दिवशी मला चिंचवडच्या एका हॉस्पिटलात दाखल केलं, स्वादुपिंडाला सूज आहे असं सांगितलं, सलाइन लावलं, उपाशी ठेवलं, आणि काही दिवसांनी सूज उतरून मी घरी आले. सूज आली कशाने, हे शोधायला नळ्यांची एक खास एमआरआय तपासणी केली. तिचा रिपोर्ट घेऊन मी एकटीच सर्जनबाईंकडे गेले. मला वाटलं होतं, त्या पथ्य सांगतील.

त्यांनी एका कोऱ्या कागदावर आकृती काढली. यकृताकडून पित्ताची नळी खाली येते, स्वादुपिंडाकडून त्याच्या रसाची नळी आडवी येते, आणि दोन्ही लहान आतड्याच्या भिंतीत शिरून तिथे एकमेकींना मिळतात. भिंतीत स्नायूची एक कडी असते. ती आवळते, सैल होते, आणि कुठला रस कधी सोडायचा ते ठरवते.

"तुमच्या नळ्या भिंतीच्या बऱ्याच आधी मिळाल्यात," त्या म्हणाल्या. "जन्मापासूनच असं आहे."

मी कागद माझ्याकडे ओढला. "म्हणजे जॉइंट व्हॉल्व्हच्या अलीकडे झालाय. मग व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. जिकडचं प्रेशर जास्त तिकडचं दुसऱ्या नळीत उलटं चढणार."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय करता?"

मी सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग माझं अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं त्यांनी सांगितलं तेव्हा हसत नव्हत्या. स्वादुपिंडाचा रस अन्न पचवायला बनलेला असतो. तो उलटा वर चढून पित्ताच्या पिशवीत साचतो. पिशवीचं अस्तर वर्षानुवर्षं त्यात भिजत राहतं, चरचरत राहतं, झिजतं, नव्याने तयार होतं. या झीज-भरपाईत कधीतरी एखादी पेशी वाट सोडते आणि गाठ धरते. होईलच असं नाही. पण इतरांपेक्षा मला धोका पुष्कळ जास्त आहे, आणि तिथली गाठ कळते तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. माझी पित्ताची नळी फुगलेली नव्हती, ते एक बरं होतं. ती फुगली असती तर ती कापून नवी वाट करून द्यावी लागली असती. आता फक्त पिशवी काढायची आणि बाकीच्यावर दरवर्षी नजर ठेवायची.

"पिशवीत आज काही आहे?"

"काही दिसत नाही. खडासुद्धा नाही."

"म्हणजे चांगला पार्ट काढायचा."

"आज चांगला दिसणारा," त्या म्हणाल्या.

हे मला लगेच पटलं. पट्टा तुटायच्या आधी बदलावा, बेअरिंग आवाज करायला लागायच्या आधी काढावं, यावर तर माझा पगार चालतो. पण पटणं वेगळं आणि पोटावर हात ठेवून झोपणं वेगळं. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि मी घाबरले आहे हे मी कुणालाही सांगितलं नाही. सांगायला घरात एकच माणूस होतं, आणि त्या माणसाची समजूत घालणं हेच पुढचं मोठं काम होतं.

वडिलांना मी अण्णा म्हणते. मी लग्न केलं नाही. त्याची कारणं मी नातेवाइकांना सांगितली नाहीत, तर इथे कशाला सांगू? आम्ही दोघंच आकुर्डीला राहतो. अण्णा मूळचे तळेगावच्या पलीकडच्या एका मावळातल्या खेड्यातले, आणि सगळी उमर पिंपरीतल्या एका कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये हायड्रॉलिक्सचे फिटर होते. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण कारखाना अजून त्यांच्यातून रिटायर झालेला नाही. फ्रिज गुरगुरला तरी त्यावर तळहात टेकवून उभे राहतात.

त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांच्या खात्यात सगळ्यांना पाठ होता: चालू मशीनला हात लावायचा नाही. एखादा नवखा इंजिनिअर उगाच काही उघडायला लागला की अण्णा म्हणत, "सायब, चालतंय ना? मग त्याला चालू द्या." उघडलेलं मशीन परत तसंच बसत नाही, असं त्यांचं मत होतं.

मी घरी येऊन आकृती दाखवली, बाईंचं म्हणणं सांगितलं. अण्णा मिक्सर खोलून बसले होते. स्क्रू एका वाटीत टाकत म्हणाले, "आता दुखतंय का?"

"नाही."

"खडा हाय?"

"नाही."

"मग चालू मशीन का खोलायचं?"

मी परत समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी. दुसऱ्या दिवशी तर ते बागेतून फिरून आले ते थेट पुरावा घेऊन. त्यांच्या फिरायच्या मित्राच्या जावयाला म्हणे अगदी हेच होतं. त्याच्याही स्वादुपिंडाच्या नळ्या जन्मापासून वेगळ्या होत्या, आणि त्याला डॉक्टरांनी काहीही करायला सांगितलं नव्हतं. जावई मजेत होता, मारुंजीला फ्लॅट घेत होता. "त्याला न्हाई अन् तुलाच का?" अण्णांनी विचारलं. माझ्या मनात तर वाईट विचार येऊन गेला की बाईंना उगाच ऑपरेशन करायचंय.

तरी मी तारीख घेतली, आणि तारीख घेताना मी जे केलं ते आमच्या पट्ट्यातलं माणूसच करू जाणे. आजारपणाची रजा टाकून लाइन वाऱ्यावर सोडायची माझी तयारी नव्हती. मेंटेनन्स नेहमी लाइन बंद असते तेव्हाच करायचा असतो. खंडेनवमीला आमच्याकडे दुपारपर्यंत पूजा आणि मग सुट्टी, दुसऱ्या दिवशी दसरा, त्याला लागून रविवार. मी बाईंना विचारलं, खंडेनवमीला जमेल का? त्यांच्याकडे बुकिंग कमीच होतं. त्या दिवशी कोण पोट फाडून घेणार? जमेल म्हणाल्या.

हे कळल्यावर अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला.

"त्या दिवशी हत्याराला सुट्टी असती."

मी थक्क झाले. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे, वंदना आहे, आणि मुहूर्त, अमावस्या, पंचांग यातलं काहीही कधीच नव्हतं. आत्याने माझ्या बारशाला तिथी विचारली तर अण्णांनी तिला कारखान्याचं कॅलेंडर दिलं होतं म्हणे. "तुम्ही कधीपासून हे मानायला लागलात?" मी विचारलं.

"मी पूजा मानत न्हाई. सुट्टी मानतो."

हे मात्र खरं होतं. लहानपणी खंडेनवमी हा आमचा सण होता, कारण वर्षातून त्या एका दिवशी कारखान्याचं गेट घरच्यांसाठी उघडायचं. आई इस्त्रीची साडी नेसायची, मी नवा फ्रॉक. आत सगळीकडे झेंडू, मशीनवर हळदीकुंकू, पेढ्यांचे बॉक्स. अण्णा हळदीकुंकवाला हात लावायचे नाहीत. ते आदल्या दिवशी मशीन रॉकेलने पुसून लख्ख करायचे, आणि एक हार घालायचे. देवाला नाही, मशीनला. वर्षभर राबतंय, एक दिवस त्याला निजू द्यावं, असं म्हणायचे. मग माझा हात धरून प्रेसच्या थंड अंगावर ठेवायचे. "बघ, झोपलंय." एरवी त्या खात्यात जमीन हादरायची असं आई सांगायची. मला ते खरं वाटायचं नाही, इतकं सगळं शांत असायचं.

म्हणून मला वाटलं, प्रश्न तारखेचाच आहे. म्हटलं, ठीक आहे, तारीख बदलते, दिवाळीनंतरची घेते. तर म्हणाले, "दिवाळीनंतर बी नको." मग माझं डोकं फिरलं. नातेवाइकाची सही लागते, ती तुम्ही करणार की नाही, एवढंच सांगा. ते म्हणाले, "मी सही करनार न्हाई."

माझा स्वभाव तसा नाकावर माशी बसू न देण्याचा. मी आवाज चढवला. म्हटलं, तुमचा हा नियम मला सांगू नका. दर वर्षी दिवाळीत शटडाउन असायचा तेव्हा तुम्ही कुठे असायचात? मी आणि आई फराळ घेऊन तुमची वाट बघायचो, आणि तुम्ही प्रेस शॉपमध्ये चालू मशीनंच खोलत बसलेले असायचात. चांगली सीलं काढून नवी घालायचात. तेव्हा नाही का वाटलं, चालतंय तर चालू द्यावं?

अण्णांनी थंड झालेला चहा मोरीत ओतला. मग म्हणाले, "मशीन परत सुरू न्हाई झालं तर कंपनी दुसरं आणती, ताई."

मी खाली बसले. आईला एका डॉक्टरने सांगितलं होतं, गर्भाशयाची पिशवी काढून टाका, म्हणजे पुढे कटकट नको. ती रिक्षातून स्वतःच्या पायांनी उतरून हॉस्पिटलच्या पायऱ्या चढली होती. परत आली नाही. त्या ऑपरेशनच्या कागदावर सही अण्णांनी केली होती. हे सगळं मला माहीत होतं, आणि तरी आकृत्या काढून काढून मी त्यांना व्हॉल्व्ह समजावत बसले होते. ते मशीनबद्दल बोलत नव्हते. मीही, खरं सांगायचं तर, बोलत नव्हते. आम्हा दोघांना दुसरी भाषा येत नाही, एवढंच.

त्या संध्याकाळी मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं की मलाही भीती वाटते. ऑपरेशनची वाटते आणि न करण्याची त्याहून जास्त वाटते. ते म्हणाले, "मला डॉक्टरकडं घेऊन चल."

बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि पुन्हा पहिल्यापासून आकृती काढली. अण्णांनी आधी मित्राच्या जावयाचं काढलंच. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. आईच्या पोटात असताना स्वादुपिंड दोन तुकड्यांत बनतं, त्या म्हणाल्या, आणि पुढे ते तुकडे आणि त्यांच्या नळ्या एक होतात. कुणाकुणाच्या नळ्या एक होतच नाहीत. त्या जावयाचं तसं असणार. पुष्कळ लोकांचं असतं, आणि बहुतेकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. त्याचा गाठीशी काही संबंध आहे का, याबद्दल कुणाकुणाला शंका आहे, पण पक्कं कुणी सांगू शकत नाही. त्रास नसेल तर त्याला कुणी हात लावत नाही. "म्हणजे काका, तुमचाच नियम," त्या म्हणाल्या. मी त्यांना आधी नियमाबद्दल सांगून ठेवलं होतं. "पण ताईंचं वेगळं आहे. त्यांच्यात नळ्या जोडल्या गेल्यात, चुकीच्या जागी. त्यामुळे एकीचं दुसरीत जातंय."

अण्णांनी आकृतीवर बोट ठेवलं. "ह्यो जॉइंटच सोडवून परत नीट बसवला तर?"

"नळी फुगली असती तर तसंच काहीतरी केलं असतं. न फुगलेल्या नळीला एवढं मोठं ऑपरेशन करायला मी सांगणार नाही. जास्त धोका पिशवीला आहे, कारण तिथे रस साचून राहतो."

"टाकीत."

"हो, टाकीत."

अण्णा मान हलवत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "प्रेसच्या टाकीत एकदा कूलंट उलटं आलेलं. बाहेरून टाकी ब्येस. खोलली तर आतला रंग पापुद्र्यावानी सुटलेला." मग बाईंना म्हणाले, "माझी बायको अशीच गेली. काढून टाका म्हणाले, म्हणून काढली."

बाईंनी आकृतीचा कागद बाजूला सारला. आईचं सगळं विचारून घेतलं. नंतर म्हणाल्या, "धोका नाही असं मी म्हणणार नाही, काका. हे ऑपरेशन आम्ही नेहमी करतो, पण धोका नाही असं नाही. न करण्यात मला जास्त दिसतो. तारीख हवी तर पुढची देते."

"नको," अण्णा म्हणाले. "हाय ती ऱ्हाऊ द्या."

सही करण्याआधी त्यांनी कागदावरची ओळ न् ओळ बोट ठेवून वाचली. मी खिडकीतून रस्त्यावरची वाहनं बघत राहिले.

शेवटापर्यंत लोकांना टांगून ठेवायची मला सवय नाही, म्हणून रिपोर्टचं आधीच सांगून टाकते. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती. कॅन्सर नव्हता. पण अस्तर जागोजागी जाड झालेलं होतं, पेशी नको तेवढ्या वाढायला लागल्या होत्या. बाई म्हणाल्या, आपण वेळेत काढली. जॉइंट अजून आहे तिथेच आहे आणि मरेपर्यंत तिथेच राहील. मला दर वर्षी तपासणीला जावं लागतं. पिवळा टॅग गळू द्यायचा नाही, असं मी बाईंना म्हटलं, तर त्यांना समजलं नाही आणि मीही समजावलं नाही.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने हॉस्पिटलात गेलो. रस्त्याला जिकडेतिकडे झेंडूचे ढीग, टेम्पोला हार, वर्कशॉपच्या शटरला आंब्याची पानं. ऑपरेशन थिएटरच्या दारालाही तोरण होतं आणि उंबऱ्यापाशी छोटी रांगोळी. बाई हिरव्या कपड्यांत बाहेर आल्या तेव्हा अण्णांनी त्यांना विचारलं, "आज हत्याराला सुट्टी न्हाई दिली?"

"सकाळी दिली की," बाई म्हणाल्या. "पूजा झाली, मी चहा घेतला, तेवढा वेळ."

अण्णांना ते पटलं असावं. माझी चप्पल पिशवीत घालत ते म्हणाले, "जा." मला स्ट्रेचर नको होतं, पण नर्सने ऐकलं नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं. निदान मला पायांनी चालत आत जाताना त्यांना बघावं लागलं नाही.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. शटडाउननंतर मशीन जोडून झालं की बटण दुसरं कुणीतरी दाबायचं. अण्णा मशीनच्या अंगावर तळहात सपाट टेकवून उभे राहायचे. पंप सुरू झाला, तेल चढलं, कुठे थरथर आहे, कुठे अडतंय, हे त्यांना हातातून कळायचं. त्या वेळी साहेब येवो की मॅनेजर, ते कुणाशी बोलायचे नाहीत. त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका काकांनी मला हे सांगितलं होतं. कुणी काही विचारलंच तर म्हणे एकच वाक्य ठरलेलं.

मला जाग आली तेव्हा आधी आवाज आले. ट्रॉलीची चाकं, कुणाचा तरी खोकला. पोट जड, घसा कोरडा, डोळे उघडवत नव्हते. मग कळलं की माझ्या दंडावर काहीतरी आहे. थोपटत नव्हतं, चोळत नव्हतं, नुसतं सपाट टेकवलेलं होतं. खरखरीत, गरम.

नर्स म्हणाली, "आजोबा, सगळं व्यवस्थित झालंय. पेशंटला झोपू द्या, तुम्ही जाऊन चहा घेऊन या."

"थांबा जरा," अण्णा म्हणाले. "ऐकू द्या."

मी जागी झाले आहे हे मी त्यांना कळू दिलं नाही.